तिचं पाणी पिणं

पुण्याच्या स्कॅन सेंटरमध्ये हाताला सुई टोचून झाली की आतल्या खोलीत नेऊन बसवतात आणि लिटरभर पाणी प्यायला देतात. ते साधं पाणी नसतं. त्यात औषध मिसळलेलं असतं, चव गुळमट आणि मागून कडवट. तासाभरात थोडं थोडं करून संपवा, बोलू नका, शांत बसा, एवढं सांगून दार लोटून घेतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर तळेघरच्या वरच्या अंगाला राहणारी एक बाई बसली होती. तिनं ग्लास भरला, तोंडाला लावला आणि प्याली. मग दुसरा भरला. तिच्या गळ्याची कातडी माझ्यासारखीच काळवंडलेली होती, पण आत घोट उतरताना ती वर-खाली व्हायची आणि ते मला खुर्चीतून स्वच्छ दिसायचं. चार ग्लास झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून हसली. माझ्या हातातला पहिला ग्लास अजून काठोकाठ भरलेला होता.

त्या वेळी मला तिचा जो राग आला तसा कुणाचाच कधी आला नव्हता. जावेचा नाही, सासूचा नाही. आणि या बाईनं माझं काडीचंही वाकडं केलेलं नव्हतं.

आमचं गाव मंचरपासून दोन कोसांवर. घरची बागायत आहे, बटाटा आणि कांदा. मी दहावी झालेली, लग्नानंतर काही वर्षं गावच्या बालवाडीत शिकवलं. मुलगी नारायणगावला दिली, मुलगा नोकरीनं लांब. घरात आम्ही दोघंच, मी आणि मालक. तंबाखूच्या मिसरीची सवय मला माहेरापासूनची. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, आणि करमेना झालं की केव्हाही. चोपन्नाव्या वर्षी कान दुखायला लागला. कानाचं औषध महिनाभर घातलं, आणि मग कळलं की दुखणं कानात नाही, जिभेच्या मुळाशी आहे, आणि तो कॅन्सर आहे.

पुण्यात सात आठवडे उपचार चालले. आठवड्याला केमोचं एक सलाईन आणि रविवार सोडून रोज रेडिएशनच्या मशीनखाली पडून राहायचं. पेशंट लोक त्याला लाईट घेणं म्हणतात. हॉस्पिटलजवळ पेशंटांसाठी राहायची सोय होती, तिथं एका खोलीत माझी आणि त्या तळेघरच्या बाईची खाट शेजारी आली. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायला लागले आणि ती मला वैनी. नवरा लवकर गेलेला, डोंगरउतारावर भाताची खाचरं आणि नाचणी. दुखणं माझ्यासारखंच, मिसरीचंच. सोबतीला भाऊ आला होता, तोही आठवडाभरात भातलावणीला परत गेला.

तिसऱ्या आठवड्यात ती पार झोपली. तोंड आतून सोललं, नाकातून नळी घातली. मी तिच्यामानानं धडधाकट होते. तिची वेणी मी घालायचे, पातळ मी धुवायचे, नळीतून दूध मी सोडायचे. भेटायला येणाऱ्यांना मी दाराबाहेर नेऊन हळू आवाजात सांगायचे, तिचं काही खरं नाही. ते सांगताना माझ्या आवाजात दया असायची, पण दयेखाली दुसरंही काही असायचं. दोघींतली बरी मी आहे, हे मला रोज कुणाला तरी सांगावंसं वाटायचं.

उपचार संपले, आम्ही आपापल्या घरी गेलो, आणि पारडं फिरलं. महिन्याभरात तिच्या सुनेचा फोन आला की सासूबाई दूधभात खातात. मग आमटीत भिजवलेली भाकरी. मग नुसती भाकरी, सावकाश. माझं उलटं झालं. पहिले पंधरा दिवस जे उतरत होतं तेही अडायला लागलं. पाणी तर थेट श्वासनळीत जायचं, ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की पातळ काही घ्यायचं नाही. पाण्यात एक पावडर घालून ते मधासारखं घट्ट करायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि चमच्यानं गिळायचं. वाटीभर आंबील संपवायला मला तास लागायचा. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लाईटनं तुमच्या आतल्या स्नायूंना वण पडलाय, तिच्या कमी पडला, यात कुणाची चूक नाही. मला चूकच हवी होती. कुणाची तरी चूक असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी गिळणाऱ्या प्रत्येकावर डोळा ठेवायला लागले. गोठ्यात म्हैस घमेल्यात तोंड घालून पाणी ओढायची, तिच्याकडंसुद्धा मी उभी राहून बघायचे. मालक आधी माझ्यासमोर बसून जेवायचे. पोरं घराबाहेर पडल्यापासून आम्ही दोघं एकाच वेळी बसायचो, मी तव्यावरची गरम भाकरी अर्धी त्यांना वाढायचे, अर्धी मला, आणि दिवसभराचं बोलणं तेव्हाच व्हायचं. आता ते मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत डबा नेऊन खायला लागले. मला वाईट वाटू नये म्हणून. घरी आले की मी त्यांच्या तोंडाला ठेच्याचा वास येतो का बघायचे. यायचा. मग मी तासभर बोलायचे नाही. त्यांना वाटायचं मला बोलायला त्रास होतोय.

तर तीन महिन्यांनी तो पहिला स्कॅन होता. दोघींचा एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक, कारण मालकांनी सेंटरला तशी विनंती केली होती. तळेघरहून सकाळी आठला पुण्यात पोचेल अशी एस.टी. नाही. म्हणून ती आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला आली आणि सकाळी आमच्याच गाडीतून निघाली. मालकांना ती आवडली. रोखठोक बोलायची, मध्येच हसायची. राजगुरुनगर सोडेपर्यंत दोघांच्या भाताच्या आणि कांद्याच्या गप्पा चालल्या होत्या. मी मागं बसून ऐकत होते. मला मध्ये बोलायचं असलं तरी माझे शब्द गाडीच्या आवाजात कळत नव्हते.

आतल्या खोलीत ती चार ग्लास पिऊन बसली, आणि मग मी माझा ग्लास तोंडाला लावला. मी घट्ट करायची पावडर आणली नव्हती. उपाशी यायचं म्हणजे काहीच आणायचं नाही असं मी धरून चालले होते, आणि कुणाला विचारायची मला लाज वाटली. तिच्यासमोर तर जास्तच. मी पहिला घोट घेतला आणि तो चुकीच्या वाटेनं गेला. ठसका असा लागला की पाणी नाकातून आलं, साडी भिजली, दोन माणसं धावत आली. ती उठून माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली. मी तिचा हात झटकला. तिला वाटलं असेल ठसक्यानं झटकला गेला.

पुढं मशीनवर उताणं झोपवलं आणि कपाळावरून पट्टा बांधला. मान अजिबात हलवायची नाही, वीस मिनिटं. पण मी उताणी झाले की तोंडातली लाळ घशात जाऊन साचते. ती गिळता येत नाही आणि थुंकता येत नाही. मी श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. मग खोकला आलाच. माईकवरून आवाज आला की काकू, हलू नका. दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला, आणि तिसऱ्यांदा त्या आवाजात वैताग होता. शेवटी जेवढे फोटो मिळाले तेवढे घेऊन मला खाली उतरवलं.

बाहेर आले तर हॉलमध्ये मालकही नव्हते आणि आक्काही नव्हती. शोधत खाली गेले. कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसले होते. तिच्यापुढं इडली होती, सांबारात बुडवून मऊ केलेली. ती एक घास घ्यायची आणि काहीतरी सांगायची, आणि मालक हातातला वडा खाली ठेवून हसायचे. किती महिन्यांनी मी त्यांना कुणासमोर बसून जेवताना बघत होते. माझ्या मनात वेडंवाकडं काही आलं नाही, इतकी मी खुळी नाही. पण ती माझी जागा होती. घासामागं घास घेत नवऱ्याशी बोलायचं, ही माझी जागा होती, आणि तिथं दुसरी बाई बसली होती. मी खांबाआड उभी राहिले आणि त्यांचं संपेपर्यंत पुढं गेले नाही.

परत येताना आक्काला मंचरच्या स्टँडवर सोडलं. गाडीत आम्ही दोघंच राहिल्यावर मालक म्हणाले, "बाई लई हिकमती हाय. सगळं पाणी पंधरा मिनिटांत संपवलं म्हने. तू पन जरा धीर धर की."



चार दिवसांनी रिपोर्ट आले. तिचा स्वच्छ. माझ्या रिपोर्टवर लिहिलं होतं की हालचालीमुळं मानेचा भाग स्पष्ट दिसत नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघून सांगितलं की वरून तरी ठीक वाटतंय, तीन महिन्यांनी स्कॅन पुन्हा करू. तिचा पण तेव्हा करू, तिच्या छातीत एक बारीकसा ठिपका आहे, बहुतेक जुन्या खोकल्याचा, पण बघून घेऊ. हे मालकांनी मला सांगितलं, मी ऐकलंही, पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की तिचा स्वच्छ आणि माझा अस्पष्ट.

तीन महिने मी मनानं त्या आतल्या खोलीतच अडकले होते. ती तिकडं तिच्या घरी भात झोडत असेल, आणि मी इकडं तिचे घोट मोजत होते.

पुन्हा तारीख मिळाली. दोघींना मंगळवार. मालक म्हणाले, आक्काला फोन करून कळव. मी फोन हातात घेऊन बराच वेळ पडवीत बसले. तिच्या शेजारी पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, हे मला होणार नव्हतं. मी सेंटरला फोन लावला आणि फुटक्या बोलण्यात कसंबसं सांगितलं की या बाईंना बुधवार द्या. पलीकडचा माणूस "बघतो" म्हणाला. मी ते हो धरलं. मग तिच्या सुनेला फोन करून सांगितलं की बुधवारी आहे, मंगळवारी संध्याकाळी मुक्कामाला या. आणि मालकांना सांगितलं की या वेळी ती भावाबरोबर परस्पर जाणार आहे. संध्याकाळी ती दारात उभी राहील तेव्हा काय सांगायचं, याचा मी विचारच केला नव्हता. मंगळवारची सकाळ माझी एकटीची असावी, एवढंच मला हवं होतं. सेंटरला आणखी एक फोन करून वार पक्का केला असता तर बुधवार खराही झाला असता. मी दोन ठिकाणी खोटं बोलून मोकळी झाले.

त्या वेळी मी एक काम मात्र शहाण्यासारखं केलं. बोललेलं कळत नाही म्हणून वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं: मला पातळ पाणी गिळता येत नाही, ते श्वासनळीत जातं. उताणं झोपले की लाळ घशात साचते आणि मला श्वास घेता येत नाही. मी घाबरून हलत नाही, गुदमरून हलते.

तिथं या वेळी एक तरुण मुलगी होती. तिनं कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला आणि "काकू, थांबा जरा" म्हणून आत गेली. थोड्या वेळानं डॉक्टरच बाहेर आले. मागच्या वेळी हे का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "ते पाणी पोटाचे फोटो चांगले यावेत म्हणून असतं. तुमचं आपल्याला मानेचं बघायचंय. तुम्ही नाही प्यायलात तरी चालेल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी खुणेनं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नका पिऊ, काही अडत नाही.

ज्या पाण्यापायी मी तीन महिने जळत होते, त्याची मला गरजच नव्हती. हसावं की रडावं मला कळेना.

झोपायच्या आधी त्या मुलीनं बारीक नळीनं माझं तोंड आतून कोरडं करून घेतलं. पाठीखाली आणि डोक्याखाली उतरती उशी दिली. गालाच्या आत एका बाजूला कापसाची गुंडाळी ठेवली, लाळ त्यात मुरेल म्हणाली. हातात दाबायचा रबरी फुगा दिला आणि सांगितलं की गुदमरायला लागलं की दाबा, मी लगेच थांबवेन. मशीन बंद असताना एकदा तसं पडून बघायला लावलं. आणि म्हणाली की तोंड कोरडं आहे तोवर मानेचे फोटो आधी घेते, बाकीचं शरीर नंतर. मी पडले. हाताला फुगा होता, पण तो दाबायची वेळ आली नाही. दोनदा घशाशी आलं, दोनदा मी नाकानं श्वास घेत आकडे मोजले आणि ते खाली बसलं. झालं काकू, म्हणत तिनं पट्टा सोडला तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरले.

गाडीत बसल्यावर मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मालकांना सांगितलं, त्यांना आनंद झाला, पण उताणं झोपल्यावर लाळ घशात साचणं म्हणजे काय हे त्यांना कसं कळणार? ते ज्या एका माणसाला कळलं असतं ती आक्का होती. आणि ती त्याच वेळी मुक्कामाची पिशवी भरत असेल, हे माझ्या ध्यानात आलं.

पाच वाजता ती आलीच. ओट्यावर पिशवी ठेवली. त्यात नाचणीचं पीठ होतं, खास माझ्यासाठी दोनदा चाळलेलं. मालक तिला बघून चकित झाले. म्हणाले, आक्का, तुमी तर भावाबरोबर जानार व्हता, आमचं तर आजच झालं. ती म्हणाली, "कुनी सांगितलं? वैनीनं उंद्याचा बुधवार सांगितलाय."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी गळ्याकडं बोट दाखवलं, की आज बोलवत नाही. इतकी भित्री मी होते. मालक काही घोळ झाला असेल म्हणाले आणि तिला पाणी आणून दिलं. संध्याकाळी तिनं माझ्या चुलीवर भाकरी केली, आणि मालक, जे महिनोन्महिने मोटरीच्या खोलीत जेवत होते, ते आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तिच्याबरोबर जेवले. मी आंबिलीची वाटी घेऊन समोर होते. तिनं दीड भाकरी खाल्ली. मी मोजली.

सकाळी मालकांनी सेंटरला फोन लावला. तिचं नाव बुधवारच्या यादीत नव्हतं. काल होतं, काल ती आली नाही. टोचायचं औषध माणसागणिक मागवलेलं असतं, आज तिच्यासाठी नाही. पुढची जागा अठरा दिवसांनी. मालकांनी फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "हे बरं न्हाई केलंस." आणि गाडी काढायला गेले.

आक्का ओट्यावर पिशवीचं तोंड बांधत होती. मी तिच्या शेजारी बसले. माझं बोलणं तिला मात्र कळायचं, माझ्या मुलीपेक्षाही जास्त. मी सांगितलं, "मी तुम्हांला मुद्दाम चुकीचा वार सांगितला."

तिनं विचारलं, का?

"तुम्ही ते पाणी घटाघट पिता. मला बघवत नाही."

तिनं पिशवीची गाठ मारली. मग म्हणाली, "तसं म्हनायचं व्हतं. मी भायेर जाऊन प्याले असते."

मी रडायला लागले तर तिनं मला थांबवलं नाही. ती चिडली होती, आणि चिडून पहिल्यांदाच मला अगं-तुगं करून बोलली. म्हणाली, "आन् तू माझ्यासमोर डबा खायचीस तवा? मला नाकात नळी. तू मेथीची भाजी खायचीस आन् मला सांगायचीस, आज मीठ जास्त पडलंय. मी भिताडाकडं तोंड करून झोपायचे. तुला काय बोलले का मी?"

ती भिंतीकडं तोंड करून झोपायची हे मला आठवत होतं. मला वाटायचं तिला ग्लानी असते.

मालकांनी तिला तळेघरपर्यंत सोडलं. मला गाडीत चल असं कुणी म्हटलं नाही.

माझा रिपोर्ट आला. मान स्पष्ट दिसत होती आणि स्वच्छ होती. घरात मुलगी-जावई आले, पेढे आले, मी सगळ्यांना वाटले. अठरा दिवसांनी आम्ही तिला घेऊन पुण्याला गेलो. मी आपणहून म्हटलं की मी येते. ती आत गेली, मी बाहेर हॉलमध्ये बसले. या वेळी तिचं पिणं मला दिसत नव्हतं, तरी कितव्या ग्लासावर असेल याचा हिशेब मनात चाललाच होता.

चार दिवसांनी तिघं रिपोर्टसाठी पुन्हा गेलो. छातीतला ठिपका वाढला होता. आणि आणखी एक होता.

डॉक्टर समजावून सांगत होते, आता तीन-तीन आठवड्यांनी इंजेक्शनं, मग पुन्हा स्कॅन. मी कागदावर लिहून त्यांच्यापुढं सरकवलं: अठरा दिवस उशीर झाला, त्यानं वाढलं का? ते नाही म्हणाले, अठरा दिवसांनी असा फरक पडत नसतो. मी कागद पुन्हा सरकवला. ते पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा आक्कानंच कागद उचलला आणि घडी करून माझ्या पिशवीत टाकला. तिनं स्वतः एकदाही विचारलं नाही.

तिथून आम्ही कँटीनमध्ये गेलो. ती म्हणाली भूक लागलीय. इडली मागवली, सांबारात कुस्करली आणि खायला लागली. मालक काही खाईनात, त्यांचा चेहरा पडला होता. आणि मी, जिचा रिपोर्ट स्वच्छ होता, जिच्या घरी पेढे वाटून झाले होते, ती मी तिचा गळा बघत होते. घास कसा जातो. किती सहज जातो. फुप्फुसात दोन डाग निघालेल्या बाईचा मला त्या क्षणी हेवा वाटला. मी हे इथं लिहितेय कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

तिनं वर बघितलं. म्हणाली, "बघ. बघायचं तर नीट बघ. मी न्हाई आता भायेर जानार."

मी बघितलं. तिनं दोन्ही इडल्या संपवल्या.

त्याला आता सात महिने झाले. तिची इंजेक्शनं चालू आहेत, डाग वाढलेले नाहीत, कमीही झालेले नाहीत. प्रत्येक वेळी ती आदल्या दिवशी आमच्याकडं येते आणि मी तिच्याबरोबर जाते. अगं-तुगं तेव्हापासून तसंच राहिलं. स्कॅनच्या वेळची तिची भीती वेगळी निघाली. पाणी ती पिते, पण मशीनच्या बोगद्यात गेली की तिला पुरल्यासारखं वाटतं आणि डोळे मिटून दरदरून घाम येतो. दोन वेळा तिनं हे कुणाला सांगितलंच नव्हतं. नाकानं श्वास घेऊन आकडे कसे मोजायचे ते मी तिला शिकवलं. ती विसावर अडखळते, मग पुन्हा एकपासून सुरू करते, पण तेवढ्यात काम होतं. त्या तरुण मुलीला आम्ही दोघी आता ओळखीच्या झालोय. माझा कागद मी दर वेळी नव्यानं लिहून नेते, ती वाचायच्या आधीच उतरती उशी काढून ठेवते.

माझं गिळणं थोडं सुधारलं आहे. आंबील, मऊ भात, घोटलेलं वरण. पाणी अजून घट्ट करूनच. मालक परत घरात जेवायला लागले, मी तसं बजावून सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडताना ते अजून क्षणभर माझ्याकडं बघतात आणि मग खातात. काही दिवस मला ते चालतं, काही दिवस मी उठून गोठ्यात जाते.

परवा दुपारी आक्काचा फोन आला. गुरुवारी यायचं आहे, भाऊंना सांग, असं म्हणाली. मालकांना ती भाऊ म्हणते. आवाज दमलेला होता. मी विचारलं, काय जेवलात? ती म्हणाली, "सांगू का नको?"

मी म्हटलं, सांगा.

मग ती सांगायला लागली. नातवानं ओढ्यावरून खेकडी धरून आणली होती. सुनेनं त्यांचं कालवण केलं, जाळावर भाजलेल्या खोबऱ्याचं. नांगी पाट्यावर ठेचून तिचा रस गाळून घेतला, तो नुसताच वाटीनं प्याली. मग नव्या तांदळाच्या गरम भातावर कालवण घेतलं, आणि वरून लिंबू. लिंबानं तोंड झोंबलं, तरी घेतलं. ती एकेक घास सांगत होती, काहीच गाळत नव्हती. इकडं पडवीत माझ्या घशात लाळ साचत होती, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिच्या दुखण्यानं नव्हे. मी हनुवटी छातीला टेकवली, लाळ गिळली, आणि म्हटलं, मग? भात किती खाल्ला?